वावराच्या कामात बसेल असा बायबल वाचनाचा प्लॅन अ‍ॅपमध्ये कसा बसवायचा

जय ख्रिस्त ताई. तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की महिला मंडळाने १ जानेवारीला अ‍ॅपमधला "एका वर्षात बायबल" प्लॅन सुरू केला, फेब्रुवारी लागेपर्यंत निम्म्या जणी गळल्या, अ‍ॅप रोज "इतके दिवस मागे" दाखवून राहिलं म्हणून बाकीच्याही उघडायला कंटाळल्या, आणि आता तुम्हाला स्वतःचा प्लॅन बनवायचाय जो शेतीच्या कामासोबत चालेल, ज्यांच्याजवळ स्मार्टफोन नाही त्यांनाही चालेल. मंडळीमंडळीत (म्हणजे वेगवेगळ्या चर्चांत) जाऊन हे प्लॅन बसवून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो म्हणून जरा लांब लिहितो, चहा घेऊन वाचा.

पहिले हे पहा का त्या गळल्या काऊन. बायबलचे अध्याय आहेत ११८९. भागिले ३६५ केलं तर दिवसाला सव्वातीन अध्याय पडतात. पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याचे ५०, दुसरं निर्गम, त्याचे ४०, म्हणजे उत्पत्तीपासून सरळ वाचत गेलं तर तिसरं पुस्तक लेवीय सुरू होतं २८ जानेवारीच्या आसपास आणि चौथं, गणना, संपतं १६ फेब्रुवारीला. त्याच्याही आधी निर्गमच्या २५ व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात, किती हात लांब, किती हात रुंद. आता तुमच्याकडे जानेवारीत काय चालू असते? कापसाची शेवटची वेचाई, तुरीची सोंगणी, हरभऱ्याला पाणी, आणि पाण्यासाठी लाइट रात्रीची. बाई दिवसभर वाकून कापूस वेचून आली, स्वयंपाक केला, आणि मग होमार्पणाचे नियम वाचायला बसली, तेही तीन अध्याय. डुलकी लागेल नाही तर काय होईल. लेवीय वाचूच नये असं मी म्हणत नाही, पण पहिल्या वर्षी, नवख्या वाचकांना, जानेवारीत नाही. तर दोष त्या बायांचाही नाही आणि अ‍ॅपचाही नाही, तो प्लॅन ज्याच्या घरी बाराही महिने संध्याकाळ सारखीच असते त्याच्यासाठी बनलेला आहे.

म्हणून अ‍ॅप उघडायच्या आधी कागद घ्या. गावातलं वर्ष लिहून काढा, म्हणजे उलंगवाडी (कापसाची वेचाई आटोपणं) कधी होते, मृग कधी, निंदण-डवरणी कधी, सोयाबीनची सोंगणी कधी, पहिली वेचाई कधी, गावचा बाजार कोणत्या वारी. मग प्रत्येक तुकड्यात आठवड्याचे किती दिवस खरोखर वाचणं होईल ते लिहा. होईल म्हणजे होईल, व्हायला पाहिजे ते नाही. रविवार सोडून द्या कारण त्या दिवशी उपासनेत वाचन होतेच, बाजाराचा दिवस सोडून द्या, राहिले पाच. त्या पाचातला एक मी नेहमी रिकामा ठेवायला लावतो, त्या दिवशी काहीच लावायचं नाही, जी मागे पडली तिनं भरून काढायचं आणि जी पडली नाही तिनं आवडलेलं परत वाचायचं. ह्या रिकाम्या दिवसावर पाळकसाहेब लोक माझ्याशी वाद घालतात, की शिस्त मोडते म्हणून, पण मी पाहिलंय का रिकामा दिवस असलेला प्लॅन टिकतो आणि नसलेला पहिल्या लग्नाच्या आठवड्यात बसतो.

आता तुमच्यासाठी मी काय लावलं असतं ते सांगतो. फेब्रुवारी ते मे हा तुमचा मोकळा काळ, लग्नं आणि ऊन सोडलं तर. त्यात १७ आठवडे बसतात. आठवड्याला चार अध्याय म्हणजे ६८. आणि मार्कचे १६, लूकचे २४, प्रेषितांची कृत्येचे २८ मिळून होतात बरोबर ६८! मार्क आधी, कारण तो आखूड आणि वेगवान आहे, वाचणारी अडकत नाही, आणि लूक व प्रेषितांची कृत्ये एकाच लेखकाचे, एकामागे एक वाचले का गोष्ट तुटत नाही. मे संपता संपता तीन मोठी पुस्तकं हातावेगळी झालेली असतात आणि बाईला वाटते का आपण वाचू शकतो, पुढची सगळी मजल त्याच वाटण्यावर असते.

मृग लागला का वाचन पातळ करा. आठवड्याला तीनच दिवस आणि तेही आखूड. स्तोत्रसंहितेत १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं आहेत, यरुशलेमला वर जाणाऱ्या यात्रेकरूंची, त्यातलं सगळ्यात लांब १३२ वं, तेही १८ वचनांचं (वचन म्हणजे अध्यायातला नंबर दिलेला तुकडा), बाकी सगळी एक अंकी वचनांची. पंधरा भागिले तीन, पाच आठवडे, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत जाता. गंमत अशी का तिसऱ्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी १२६ वं स्तोत्र येते, ज्यात रडत रडत पेरणारे हर्षाने कापणी करतील असं आहे, आणि बाप्पा, आपल्याकडे जूनच्या शेवटी पावसाने दडी मारली आणि दुबार पेरणीची पाळी आली का ते स्तोत्र समजावून सांगायला कोणी लागत नाही.

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत अकरा आठवडे, परत आठवड्याला चार, म्हणजे ४४ जागा. त्यात योहान २१, रोमकरांस पत्र १६ आणि याकोब ५ असे ४२ बसतात, दोन जागा पोळ्याच्या गडबडीला सुटतात. रोमकरांस जरा जड जाते, पण तेव्हा पावसाची झड असते, घरी बसणं होते, चर्चा होऊ शकते. ऑक्टोबरपासून सोंगणी आणि वेचाई, परत तीन दिवस. तिथे मी ११९ वं स्तोत्र तोडून देतो. एकदम द्यायचं नाही, १७६ वचनं आहेत त्याची. पण ते मुळातच आठ-आठ वचनांच्या २२ भागांत रचलेलं आहे, हिब्रू मुळाक्षरं २२ म्हणून, तर ते २२ वाचनं होतात, एक वाचन दोन मिनिटांचं. मग रूथचे चार अध्याय, कापणीच्या दिवसांतली आणि वावरात सरवा (कापणीनंतर मागे राहिलेली कणसं) वेचणाऱ्या बाईचीच गोष्ट आहे ती, तुमच्याकडच्या बाया त्यावर पाळकापेक्षा चांगलं बोलतील. डिसेंबरात मत्तय १-२ आणि लूक १-२, फक्त लूकचा पहिला अध्याय दोन दिवसांत तोडा, ८० वचनं आहेत. उरलेल्या जागा मोकळ्या ठेवा नाही तर जानेवारीत फिलिप्पैकरांस घ्या, चारच अध्याय आहेत.

तुम्ही म्हणाल की मग पूर्ण बायबल कधी? खरं सांगतो, आठवड्याला चार अध्यायांनी पूर्ण बायबलाला पावणेसहा वर्षं लागतात. एका वर्षात करायचंच असेल तर आठवड्याला पाच दिवस धरून दिवसाला साडेचारच्या वर अध्याय पडतात, त्या चालीनं वाचू शकतील अशा दोघीतिघी मंडळात असतीलच, त्यांना वेगळा प्लॅन द्या, सगळ्यांना त्यांच्यामागे ओढू नका. मधला रस्ता पाहिजे असेल तर नवा करार, त्याचे अध्याय २६० आणि वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे आठवड्याला पाच दिवस, दिवसाला एकच अध्याय, हिशेब बरोबर जुळते. फक्त त्यात रिकामा दिवस उरत नाही, म्हणून मी तो नोकरीवाल्यांना देतो, शेतीवाल्यांना नाही. स्कॉटलंडमधल्या डंडीचे पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी जो प्रसिद्ध तक्ता केला, रोज चार अध्यायांचा, त्यात वर्षात नवा करार आणि स्तोत्रं दोनदा अन् बाकी जुना करार एकदा होतो, तो आजही बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो. पण त्यांनी स्वतःच त्यासोबत धोके लिहून ठेवले होते, वाचन नुसतं रिवाज होऊन बसेल, काहींना ते जू जड होईल म्हणून. तक्ता सगळे उचलतात, धोके कोणी वाचत नाही.

आता सॉफ्टवेअर. फोनमध्ये सगळ्यांकडे असते ते यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप. त्यात तयार प्लॅन ढीगभर आहेत, मैत्रिणींसोबत मिळून वाचता येते, मागे पडलं तर तारखा पुढे सरकवता येतात (हे तुमच्या मंडळाला कोणी सांगितलंच नाही वाटते), पण कोऱ्या पानावरून आपला स्वतःचा प्लॅन घालायची सोय साध्या वापरणाऱ्याला नाही. म्हणून तुम्ही तिथे कितीही शोधलं तरी ते बटण सापडणार नाही. ते अ‍ॅप वाचायला ठेवा, प्लॅन बाहेर बनवा.

कॉम्प्युटर असेल, मंडळीच्या ऑफिसातला जुना विंडोजवाला चालेल, तर ई-स्वोर्ड फुकट मिळते, त्यात वाचनाचा प्लॅन तयार करायचं टूल आहे, पुस्तकं निवडा, वार निवडा, ते वाटणी करून देते. लोगोस त्याच्याहून मोठं, त्यात रीडिंग प्लॅन नावाचं डॉक्युमेंट बनवता येते, कुठून कुठपर्यंत वाचायचं आणि कोणकोणत्या दिवशी ते सांगितलं का तारखा पाडून देते. दोन्ही चांगले, पण दोघांचं दुखणं एकच, मशीन समान वाटणी करते, वाचनात काय आहे ते मशीनला ठाऊक नाही. उदाहरण देतो. दुःखसप्ताहासाठी मत्तय २१ ते २८ घ्या, झावळ्यांच्या रविवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत आठ दिवस आणि अध्यायही आठ, मशीन खुशीत रोज एक लावून देईल. पण मग शुक्रवारी येते २६ वा, म्हणजे उत्तम शुक्रवारी तुम्ही शेवटलं भोजन वाचून राहिले आणि क्रूसावरचं मरण शनिवारी! ते हातानेच सुधरवावं लागते. रविवारी २१, सोमवारी २२, मंगळवारी २३ आणि २४ दोन्ही, बुधवारी २५, गुरुवारी रात्री २६ (७५ वचनं आहेत, दोघींनी आळीपाळीने वाचा), शुक्रवारी २७ ची पहिली ५६ वचनं, शनिवारी ५७ ते ६६ एवढंच, कबर आणि पहारा, आणि रविवारी पहाटे २८. हा आठ दिवसांचा तुकडा वेगळाच प्लॅन म्हणून ठेवा, वर्षाच्या प्लॅनमध्ये मिसळू नका, कारण ईस्टर दरवर्षी सरकतो, २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कुठेही येतो. त्या आठवड्यात वर्षाचा प्लॅन थांबवायचा आणि नंतर जिथे होता तिथून उचलायचा.

थांबवून उचलता यायला एक गोष्ट लागते, प्लॅनमध्ये तारीख नको, दिवसाचा नंबर पाहिजे. "१५ फेब्रुवारी, मार्क ९" असं लिहिलं का चुकलेली तारीख डोळ्यात खुपते. "दिवस ९, मार्क ९" लिहिलं का कोणी आज ९ वर, कोणी उद्या. हे नंबरवालं सगळ्यात सोपं जमते ते अँडबायबल नावाच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये. फुकट आहे, जाहिराती नाहीत, बायबल एकदा डाउनलोड केलं का नेटवर्कशिवाय चालते, म्हणून ज्या गावात टॉवर टेकडीमागे आहे तिथे मी हेच देतो. त्यात वाचनाचा प्लॅन म्हणजे साधी मजकुराची फाइल असते. एका ओळीत एक दिवस, सुरुवातीला दिवसाचा आकडा, मग बरोबरचं चिन्ह, मग पुस्तकाचं ठरलेलं इंग्रजी संक्षिप्त नाव, टिंब आणि अध्याय, दोन वाचनं असतील तर मध्ये स्वल्पविराम. बस इतकंच. ती नावं मनाने टाकू नका, ठरलेली यादी आहे, ओसिस म्हणतात तिला. स्तोत्रांना फक्त पी आणि एस ही दोन अक्षरं. फिलिप्पैकरांस म्हणजे पी एच आय एल आणि फिलेमोन म्हणजे पी एच एल एम, ह्यात घोटाळा झाला का दुसऱ्याच अध्यायाला अ‍ॅप गोंधळते, कारण फिलेमोनला अध्यायच एक आहे. आकडे इंग्रजीच टाका, देवनागरी आकडे ते वाचत नाही. फाइल अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये वाचनाच्या प्लॅनसाठी जो फोल्डर आहे त्यात टाकायची, फक्त अँड्रॉइड ११ पासून पुढच्या फोनांत फाइल मॅनेजर तिथे सहसा जाऊ देत नाही, तेव्हा केबल लावून कॉम्प्युटरवरून टाकून पहा. टाकल्यावर प्लॅनच्या यादीत तुमचं नाव दिसते, सुरुवातीची तारीख किंवा आज कितवा दिवस ते बदलता येते. आणि मराठी बायबल आधी उतरवून, फोन फ्लाइट मोडवर टाकून उघडते का ते घरीच पहा, सभेत नाही.

इतकी खटपट नको असेल तर एक्सेल किंवा गूगल शीट. पहिल्या रकान्यात दिवसाचा नंबर, दुसऱ्यात वाचन, तिसऱ्यात वचनांची संख्या. हा तिसरा रकाना लोक टाळतात आणि तिथेच फसतात, कारण अध्याय अध्याय सारखा नसतो, ११७ वं स्तोत्र दोन वचनांचं आणि गणनाचा ७ वा अध्याय ८९ वचनांचा. पन्नासच्या वर आकडा दिसला का तोडायचा का ते पहा. तुमच्या स्वतःच्या माहितीसाठी तारखा पाहिजेतच, तर वर्कडे डॉट इंटल नावाचा फॉर्म्युला आहे, तो सुट्टीचे वार गाळून तारीख काढून देतो. वार सात आकड्यांत सांगायचे, सोमवारपासून, वाचनाला शून्य आणि सुट्टीला एक, अवतरणचिन्हात. बाजार बुधवारचा असेल तर बुधवार आणि रविवार बंद म्हणजे शून्य शून्य एक शून्य शून्य शून्य एक. शेवटी एका वेगळ्या रकान्याचा पत्ता द्यायचा ज्यात पोळा, सभा, लग्नाच्या तारखा टाकल्या का तेही गाळते. सुरुवातीची तारीख मात्र एक दिवस आधीची द्या, कारण तो दुसऱ्या दिवसापासून मोजतो. ही तारखांची शीट तुमच्याजवळ ठेवा, ग्रुपवर नंबरवालीच पाठवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर महिन्याभराचं एकदम टाकू नका, खाली वाहून जाते. रविवारी उपासनेनंतर त्या आठवड्याचं टाका, वर पिन करा. फोन नसलेल्यांसाठी प्रिंट, अक्षर मोठं, सोळाच्या वर, चुलीजवळच्या भिंतीला लावता येईल असं. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेत असाल तर युनिकोडमध्येच मागा, तो सवयीने कृतीदेव किंवा श्रीलिपी ह्या जुन्या फॉन्टांत करून देईल, प्रिंट छान निघेल पण तोच मजकूर फोनवर कॉपी करून पाठवला का चिन्हांचा कचरा दिसते.

अजून एक भानगड भाषांतरांची. तुमच्या मंडळात कोणाजवळ बायबल सोसायटीचं आर.व्ही. नावाचं भाषांतर असेल, एखाद्या आजीजवळ पंडिता रमाबाईंचं, फोनात तिसरंच. पूर्ण अध्याय दिले तर काही अडत नाही. वचनं तोडून दिली का स्तोत्रांमध्ये सांभाळा, काही बायबलांत "दाविदाचे स्तोत्र" वगैरे जे शीर्षक असते तेच पहिलं वचन धरतात आणि पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात. ११९ ला शीर्षकच नाही, म्हणून ते आठ-आठ करून द्यायला बिनधोक आहे.

ज्यांना वाचता येत नाही त्या आजी-मावश्यांना प्लॅनमधून वगळू नका. मराठी नवा करार ऑडिओत मिळतो, ज्या घरी कॉटेज मीटिंग (घरातली प्रार्थनासभा) होते तिथे ब्लूटूथचा डबा लावा, तो दिवसाचा अध्याय सगळ्या मिळून ऐका, हाताला काम चालू असलं तरी चालते. त्यासाठी शीटमध्ये चौथा रकाना करा, "ऑडिओ", आणि ज्या दिवशी सभा असेल त्या दिवशी गोष्टीचा अध्याय येईल असं एखाद-दोन दिवस मागेपुढे करा, पत्रांतला अध्याय नुसता ऐकून पकडणं कठीण जाते. प्रेषितांची कृत्ये २७, पौलाचं जहाज फुटतं तो, असा ऐकवायला एक नंबर आहे.

तुम्ही गावचा बाजाराचा वार, मंडळात फोन कोणते कोणते आहेत आणि सभा कोणत्या वारी ते कळवा, फेब्रुवारी ते मेची अँडबायबलची फाइल मी बनवून देतो, ती उघडून पाहिली का पुढची तुम्ही स्वतःच कराल, त्यात आकडे बदलण्यापलीकडे काही नाही.